चार हातांचं दार

सुरुवातीलाच माफी मागतो. मला कोणी लिही म्हटलेलं नाही. आमच्या मोहल्ल्यात न विचारता बोलणाऱ्याला लोक तोंडावरच म्हणतात, "तुले कोनं विचारलं गा?" आणि त्यांचं बरोबरच असतं. आमच्या घरात लिहिणं म्हणजे मी परीक्षेत लिहितो तेवढंच. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळं घरच्या गोष्टी कागदावर मांडाव्यात का, मांडल्या तर कुठून सुरू कराव्यात, हे विचारायला घरात कोणी नाही. शिवाय मी सांगणार आहे ती गोष्ट एका जुन्या, दुसऱ्याच्या घरातून निघालेल्या दाराची. वाचणाऱ्याचा वेळ घ्यावा इतकी ती मोठी आहे का, याची मला अजून खात्री नाही. ती आठवली की बरं वाटतं, एवढ्याच आधारावर लिहितो आहे.

आमचं गाव कोंढ्याजवळ, डांबरी सडक सोडून आत. मी लहान होतो तेव्हा मोहल्ल्यातली सगळी घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूंच्या छपरांची होती, आणि बहुतेक घरांना दार म्हणून ताटी होती. बांबूच्या कमट्या विणून वर शेणमाती लिंपली की झाली ताटी. दिवसा ती उचलून भिंतीला टेकवायची, रात्री पुढं ओढून आतून काठी लावायची. आतून काठी लागते, बाहेरून काहीच लागत नाही. म्हणजे घरात माणूस असेल तरच घर बंद होतं. यातूनच आमच्याकडं एक रीत पडली असावी: घर सुनं सोडायचं नाही. चोराची भीती कोणालाच नव्हती. चोरानं यावं असं घरात काय होतं? भीती होती माकडांची. टोळी आली की ती धानाच्या ढोलीत हात घालायची, मिरच्या उधळायची, भाकरीची टोपली घेऊन कडुनिंबावर जाऊन बसायची आणि वरून आमच्याकडं बघत खायची. म्हणून प्रत्येक घरातलं एक माणूस मागं राहायचं. आमच्या घरातलं मागं राहणारं माणूस म्हणजे माय.

लग्नाला आम्ही जायचो, माय राहायची. आत्याकडं आम्ही जायचो, माय राहायची. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री नाटक असतं. आमच्या गावच्या नाटकाला सगळा मोहल्ला पोती आणि चादरी घेऊन जायचा. माय ताटीआड बसून भोंग्यावरून नाटक ऐकायची. सकाळी आम्ही झोपेत असताना ती अंगणात सडा टाकत राजाचे संवाद म्हणायची, अगदी त्याच आवाजात. आम्हाला राजाचा मुकुट आठवायचा, तिला राजाचं वाक्य. वर्षानुवर्षं तोच माणूस राजाचं काम करायचा, आणि मायनं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

समोर राहणारी काकी घराकडं बघायची, नाही असं नाही. पण काकीला स्वतःचं घर होतं, धानाच्या रोवण्याला जायचं असायचं. तासाभराची राखण वेगळी आणि रात्रभराची वेगळी. आणि उपकाराचं ओझं घेणं मायला जमत नाही.

बारावीनंतर मी नागपूरला शिकायला गेलो. पोहोचवायला बाबा आले. एका जुन्या घराच्या मागच्या अंगाला मला खोली मिळाली होती. बाबांनी ती पाहिली, भिंतीवर हात फिरवला, "बरी आहे" म्हणाले आणि परत गेले. मायला तेवढ्यानं भागेना. मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा चुलीपुढं बसून तिनं चौकशी सुरू केली.

"दार कोनीकडं आहे तुह्या खोलीचं?"

"उत्तरेले."

"मंग ऊन कोठून येते?"

"खिडकी आहे न."

"खिडकीतून काय दिसते?"

"भिंत दिसते, माय."

"कोनाची?"

"शेजाऱ्याची."

"कोन हायेत शेजारी?"

ते मला माहीत नव्हतं. मायनं हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"इतके दिस झाले, अन् भिताडापल्याड कोन रायते ते मालूम नाई? काय शिकून राहिला गा तू तेथी?"

दर खेपेला असंच व्हायचं. पाणी कुठून येतं, कपडे कुठं वाळतात, घरमालकीण कशी बोलते, जिन्याखाली काय ठेवलं आहे. माझ्या उत्तरांवरून तिनं मनात ती सगळी खोली उभी केली होती. कधीकधी मलाच सांगायची, "लाइट गेली का कंदील खिडकीच्या अंगाले ठेवत जाय, टेबलावर सावली पडत असन." आणि शेवटी एकच वाक्य, भांडी आवरता आवरता, मला नाही तर भांड्यांना सांगितल्यासारखं: "एकदा डोळ्यानं पाह्यलं असतं तं बरं झालं असतं." मग स्वतःच उत्तर द्यायची, "पन घराले कोन राखन?"

तेव्हा आमच्या मोहल्ल्यात फोन नव्हता. किराण्याच्या दुकानात एक होता, तो बहुतेक बंद असायचा. मला गावची बातमी मिळायची ती वांग्यांसोबत. समोरच्या काकीचे यजमान, म्हणजे काका, टेंपो चालवायचे. आमच्या भागातली वांगी, भेंडी, टोमॅटो भरून ते पहाटे नागपूरच्या भाजीबाजारात यायचे. माझी खोली बाजारापासून चालत जाण्यासारखी होती. आठवड्यातून दोन-तीनदा मी पहाटे तिथं जाऊन उभा राहायचो. काका पोती उतरवता उतरवता बोलायचे. कोणाची म्हैस व्याली, बोअरिंगला पाणी आलं की नाही, कोणाची पोरगी पाहायला कोण आलं. हे सगळं काकीकडून आलेलं असायचं, आणि काका ते काकीच्याच शब्दांत सांगायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "हे तिचं म्हननं आहे बाप्पा, माहं नाई."

बातमी उशिरा येणं हे आमच्याकडं नवीन नव्हतं. मी शाळेत असताना भंडारा जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळं झालं, तेही आम्हाला काकांच्याच टेंपोतून कळलं. आत्या आमगावकडं दिलेली, ते गोंदियात गेलं. बाबा तेव्हा म्हणाले होते, "पाहा, माही बहीन जागची हालली नाई, अन् परजिल्ह्यात गेली."

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमचं घरकुल झालं. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागी विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. स्लॅबवरून माकडं आत येऊ शकत नाहीत, याचा मायला फार आनंद होता. पण स्लॅबपर्यंत येता येता सगळा पैसा संपला आणि दाराची जागा मोकळीच राहिली. बाबांनी तिथं जुनीच ताटी उभी केली. नव्या विटांमध्ये ती ताटी, नव्या सदऱ्यावर जुनं धोतर घातल्यासारखी दिसायची.

माझ्या कॉलेजच्या रस्त्यावर जुन्या लाकडाची वखार होती. नागपुरात जुनी घरं पाडून इमारती बांधणं तेव्हा जोरात सुरू होतं, आणि त्या घरांची दारं, खिडक्या, कठडे सगळे या वखारीत येऊन पडायचे. मी जाता-येता तिथं थांबायचो. रांगेनं टेकवलेली दारं पाहिली की वाटायचं, ही सगळी घरं कुठंतरी उघडी पडली आहेत. वखारीच्या म्हाताऱ्या मालकाशी माझी ओळख झाली. मी घरी जाताना त्यांच्याकडून काहीबाही नेत असे. एक स्टूल नेलं. एक घड्याळ नेलं, ते आडवं ठेवलं तरच चालायचं. मायनं ते फळीवर पालथं-उताणं करून शेवटी उताणं ठेवलं, आणि वेळ पाहायला आम्ही सगळे त्याच्यावर वाकायचो. उलट्या दिशेनंही काही जायचं. वखारवाल्यांनी मला एकदा विचारलं, गावाकडं कोरीव खांब, जुन्या कोठ्या आहेत का, शहरातले लोक त्या शोभेला घेतात. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला तर म्हणे बांबूच्या ताट्या हव्या होत्या, गावासारखं वाटायला. हे मी घरी सांगितलं तेव्हा माय इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा म्हणाले, "त्याइले आपल्या ताट्या पायजे, आपल्याले त्याइचे दारं. काकाचा टेंपो दोन्हीकडून भरला पायजे फक्त."

त्यावरूनच ठरलं. मी वखारीत दार बघायचं, काकांनी परतीच्या रिकाम्या टेंपोतून आणायचं. एका पहाटे काकांनी बाबांचा निरोप दिला: "चार हात उंच, सव्वा हाताचे दोन पल्ले. असं सांगतलं तुह्या बानं."

आमच्याकडं सगळं हातानंच मोजतात. दोर, कापड, बांधाची उंची, विहिरीचं पाणी. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मी वखारीत गेलो आणि मालकांना म्हणालो, चार हात उंचीचं दार हवं.

"फूट में बोलो ना, भैया."

मला फुटात सांगता आलं असतं. पण हाताचे फूट करताना चूक झाली तर, अशी भीती वाटली. निरोप जसा आला तसाच पाळावा असं वाटलं. मी म्हणालो, "चारच हात."

ते चष्म्यावरून माझ्याकडं पाहून म्हणाले, "किसके हाथ?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. खेड्यातला पोरगा, हातानं मोजतो, म्हणून. हिरव्या रंगाचं, दोन पल्ल्यांचं सागवानी दार चौकटीसकट पडलेलं होतं. मी गुडघ्यावर बसलो आणि कोपर टेकवून मोजलं. एकदा मोजलं, खात्रीसाठी पुन्हा मोजलं. बरोबर चार हात. एका पल्ल्यात पत्रं टाकायची आडवी फट होती. तिची पितळी झडप कोणीतरी काढून घेतली होती. चौकटीला विजेच्या घंटीचं पांढरं बटण अजून चिकटलेलं होतं. मला ते दार फार आवडलं.

दार गावात आलं त्या दिवशी मी काकांसोबत टेंपोतच होतो. मोहल्ल्यात शिरताच पोरं मागं धावायला लागली.

"वांगे नेतो तं कोनी मले पाह्यत नाई," काका म्हणाले, "अन् एक दार आनलं तं सारी वरात मांगं."

चौघांनी दार उतरवून जागेवर उभं केलं. सगळे दोन पावलं मागं सरले. चौकटीच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी होती. बाजूंनाही फटी होत्या.

बाबांनी वर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "कोनाच्या हातानं मोजलं?"

वखारवाल्यांचा प्रश्न तेव्हा मला कळला.

"माह्या," मी म्हणालो.

बाबांनी आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. बाबा उंच आहेत, हात गुडघ्याला लागावेत असे. माझं बोट त्यांच्या बोटाच्या मधल्या पेराशीच संपत होतं. सगळा मोहल्ला पुढं वाकून पाहत होता. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण बाबांना हसू आवरेना.

"शिकला खूप," ते म्हणाले, "पन हात काई वाढला नाई."

काकी म्हणाली, "बरं झालं वो! आता तुमच्या घरी येनारा मानूस मुंडी लवूनच येईल. मानपान आपोआप."

तसंच झालं. बाबांनी बाजूच्या फटी विटांचे तुकडे घालून भरल्या, आणि दार उभं राहिलं. पहिले काही दिवस बाबांचं डोकं रोज आपटायचं. आपटलं की ते थांबून शांतपणे म्हणायचे, "बीए, भाग दोन." पोरांनी घंटीचं बटण शोधून काढलं. तार नव्हतीच, म्हणून एक जण बटण दाबायचा आणि दुसरा तोंडानं "टिंग टाँग" करायचा. आणि काकीला ती आडवी फट सापडली. "दाराले तोंड आहे वो!" असं म्हणून ती जी खाली बसली, ती त्या दिवसापासून मोहल्ल्याच्या बातम्या फटीतूनच आत टाकायला लागली. दार उघडं असलं तरी ती बाहेर बसायची आणि फटीतून बोलायची. माय आत चुलीपुढं बसून "हाव वो, मंग?" म्हणायची. काकीचं तोंड दिसायचं नाही, फक्त बातमी आत यायची. शहरातल्या ज्या घराचं ते दार होतं, तिथं त्या फटीतून इतकी पत्रं कधी आली नसतील.

सगळं छान होतं, पण जे व्हायला हवं होतं ते झालं नव्हतं. वरच्या मोकळ्या जागेतून माकडाचं पिल्लू सहज आत येऊ शकत होतं, आणि एकदा आलंही. त्यानं मिठाचा डबा सांडला आणि घड्याळ नेलं. घड्याळ कडुनिंबाखाली उताणं सापडलं, चालू. बाबा ती जागा विटांनी बुजवायला निघाले, तर मायनं हात धरला. घराला दुसरी मोठी खिडकी नव्हती. सकाळचा उजेड यायचा आणि चुलीचा धूर जायचा तो त्याच वाटेनं. विटा भरल्या तर घरात अंधार, नाही भरल्या तर माकडं.

"राहू द्या," माय म्हणाली. "मी हावोच न घरी."

हे ती इतक्या सहज म्हणाली की मला माझ्या हाताकडं पाहवेना. दार आलं, कडी आली, कोयंडा आला, आणि वीतभर जागेसाठी माय पुन्हा मागंच राहणार होती.

त्यानंतर काकांनी एका पहाटे मला वांग्यांच्या पोत्यातून दोन बांबूच्या काड्या काढून दिल्या. एक लांब, एक आखूड, सुतळीनं एकत्र बांधलेल्या. बाबांनी या खेपेला निरोप पाठवलाच नव्हता. मोकळ्या जागेची लांबी-उंची कापूनच पाठवली होती. त्या काड्या घेऊन मी वखारीत गेलो.

"आज हाथ घर पे छोड़ के आये क्या?" म्हातारेबुवांनी विचारलं. मी जे झालं ते सांगितलं. ते हसले, पण हसताना उठले आणि आतल्या अंधारात जाऊन बराच वेळ खुडबुड करत राहिले. बाहेर आले ते एक झरोका घेऊन. जुन्या घरांच्या दारावर असतो तसा, लाकडी, लोखंडी गजांचा, आत रंगीत काचा. एक तांबडी, एक निळी, एक पिवळी. चौथीची जागा रिकामी. काड्या लावून पाहिल्या. लांबीला बरोबर, उंचीला बोटभर कमी.

"बोटभर चालते," मी म्हणालो.

"किसका बोट?" ते म्हणाले.

झरोका बसला. रिकाम्या काचेतून धूर जायचा, गजांमुळं माकड यायचं नाही, आणि सकाळी जमिनीवर तांबडा-निळा-पिवळा उजेड पडायचा. आमच्या कोंबड्या तांबड्या तुकड्यावर चोची मारत राहायच्या. माय त्यांना हाकलायची नाही. "दमतील आपोआप," म्हणायची. जुनी ताटी आता अंगणात कोंबड्या झाकायच्या कामाला आली.

बाबांनी कुलूप आणलं. मायनं ते कागदातून काढलंच नाही, बरेच दिवस. मग पुढच्या बातम्या मला बाजारात, टेंपोजवळ, थोड्या-थोड्या मिळत गेल्या.

"काल पुनवेले तुही माय कुलूप लावून विहारात गेली."

"खरं?"

"हाव. पन वंदना अर्धी झाली, अन् उठून घरी. कुलूप ओढून पाह्यलं म्हने, अन् मंग परत विहारात. तिची चप्पल अशी झिजली एका पुनवेत."

पुढं एकदा: "तलावापावतर गेली होती. येताना पयले कुलूपाले भेटली, मंग आमाले."

त्या वर्षीच्या मंडईला मी गावी होतो. माय नाटकाला आली. दाराला कुलूप लावून, पदराच्या गाठीत चावी बांधून, आमच्यासोबत पोत्यावर येऊन बसली. मी नाटक कमी आणि तिच्याकडंच जास्त पाहिलं असेन. राजा स्टेजवर आला, त्यानं तोंड उघडलं, आणि माय पुढं झुकली. सकाळी अंगणात काकीनं विचारलं, "कसा वाटला राजा?"

"अवो, एवढासा!" मायनं हात कमरेएवढा खाली धरून दाखवला. "इतक्या वर्साचा आवाज, मले वाटे ताडासारखा असन. हा तं माह्या पोराएवढा."

"मंग आपल्या दारातून नीट गेला असता," बाबा आतून म्हणाले.

मायचं हसणं थांबल्यावर मला विचारायचं होतं. आता माझ्याकडं येशील का? पण मला अशा गोष्टी बोलता येत नाहीत. गावातल्या गावात नाटकाला जाणं वेगळं आणि नागपूर वेगळं. तिला मी बोलावलं आणि तिनं पुन्हा घराकडं पाहिलं तर, त्या भीतीनं मी गप्प बसलो आणि परत आलो.

मग हिवाळ्यात माझ्या घरमालकांनी सांगितलं की माझी परीक्षा झाली की खोली सोडावी लागेल. घर पाडून तिथं फ्लॅट होणार होते. ते जड मनानं सांगत होते. त्यांचंही बालपण त्याच घरात गेलं होतं. खोलीत येऊन मी खाटेवर बसलो. मायनं विचारून विचारून पाठ केलेली ती खोली: उत्तरेचं दार, भिंत दिसणारी खिडकी, जिन्याखालची सायकल. भिंतीपल्याड कोण राहतं तेही मी एव्हाना तिच्यासाठी विचारून घेतलं होतं. एक म्हातारं जोडपं होतं, शिवणयंत्र चालवणारं. हे सगळं आता वखारीत जाणार, रांगेनं टेकवलं जाणार, आणि मायनं ते डोळ्यानं पाहिलेलं नसणार.

दुसऱ्या पहाटे मी काकांना एवढंच सांगितलं, "मायले सांगा, हे घर पाडनार हायेत. परीक्षेनंतर."

"अन्?"

"अन् काई नाई. एवढंच सांगा."

काकांनी रिकामं पोतं झटकलं. "सांगतो," म्हणाले.

त्यानंतर मी रोज पहाटे बाजारात जाऊ लागलो. काकांकडून बातम्या यायच्या. कोणाच्या बकरीनं कोणाची चवळी खाल्ली. हापशाचा दांडा तुटला. खालच्या आळीत साखरपुडा झाला आणि काकीला बोलावणं आलं नाही, त्यामुळं साखरपुडा चांगला झाला नाही. मायचं काही नाही. मी विचारायचो, "माय काई बोलली?" काका म्हणायचे, "आयकलं तिनं. अन् सूप घेऊन तांदूळ पाखडाले बसली." बस, एवढंच. मी मनाला समजावलं की न येणं हेच उत्तर आहे. परीक्षा जवळ आली. मी पुस्तकं सोडून बाकीचं सामान बांधायला घेतलं.

त्या दिवशी टेंपो उशिरा आला. काकांनी उतरून पोत्यांना हात लावला नाही. गमछा झटकला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले,

"तुह्या घराले कुलूप आहे."

आमच्या मोहल्ल्यात घराला कुलूप म्हणजे दवाखाना, नाहीतर त्याहून वाईट. "कोनाले काय झालं, काका?"

"आता आयक तं. काल तिसऱ्या पहारी तुही काकी ताक द्याले गेली. बटन दाबलं. फटीतून आवाज देल्ला. आत अंधार. कोंबड्या ताटीखाली झाकलेल्या, दानापानी ठेवून. तिले वाटलं विहारात गेले असन. दिवस बुडाला, तरी कुलूपच. मंग सडकेवरचा पानठेलेवाला म्हने, दोघंबी दुपारच्या उमरेडच्या गाडीत बसले. तुही माय खिडकीपाशी. रात्री उमरेडले तुह्या मावशीकडं मुक्काम, अन् आज सकाळच्या गाडीनं इकडं, तुह्याकडं."

"रातभर कुलूप?"

"रातभर. मोहल्ल्यात कोनाले सांगतलं बी नाई. गाडीत चढताना त्या पानठेलेवाल्याले तेवढं म्हने, सारे पाहाले उभे राह्यले असते तं माहा पाय निंगाला नसता." काकांनी पहिलं पोतं ओढलं आणि आवाज खाली केला. "अन् तुही काकी लय रागात आहे. म्हने, इतके वर्स मी राखन केली, अन् जातानी चाबी माह्यापाशी नाई देल्ली. पदराले गाठ मारून घेऊन गेली."